भिंगरीला दिलेला खेळ

आमच्या कंट्रोल रूममध्ये कोणी कुठला व्हिडिओ गेम खेळावा हे मी सांगते. हे काम मला कोणी नेमून दिलेलं नाही. माझं नेमलेलं काम वेगळं आहे. अ‍ॅम्ब्युलन्स कुठून काढायची आणि कुठे पाठवायची, हे मी नव्या मंडळींना शिकवते. पण अठरा वर्षं नकाशासमोर काढलेल्या बाईला घरी गेल्यावरही नकाशाच दिसत राहतो. अशीच कधीतरी मी डावपेचांच्या गेमच्या नादी लागले आणि तो नाद काही सुटला नाही. आधी सगळे हसले. या वयात बाई सैन्य हलवतेय म्हणून माझ्या पाठीमागे नकलाही झाल्या. मग एकेक जण चहाच्या मशीनपाशी गाठून हळूच विचारायला लागला, "मावशी, मला जमेल असा एखादा सांगा ना."

मी पटकन सांगत नाही. गेमच्या दुकानात विचारतात, तुम्हाला काय आवडतं? या प्रश्नाला काही अर्थ नाही. लढाया, राजे, अवकाशयानं, विचारलं तर सगळ्यांना सगळंच आवडतं. मी विचारते, हरायला लागलात की तुम्ही काय करता? खरं उत्तर कोणीच देत नाही, पण खोटं बोलताना जो चेहरा होतो त्यावरून मला हवं ते कळतं.

आता आमचा कासव घ्या. फोन उचलणाऱ्यांमध्ये हा सगळ्यात जुना, आणि कासव हे नाव त्याला मीच दिलेलं. कुठलाही गेम द्या, हा पहिल्या मिनिटाला भिंत बांधायला घेतो. मग दुसरी भिंत. मग कोठारं भरत बसतो. शत्रू बाहेर कंटाळून म्हातारा होतो, पण हा काही दार उघडत नाही. अशा माणसाला किल्ल्यांचा खेळ देणं म्हणजे गोड खाणाऱ्याला मिठाईच्या दुकानात बसवणं. त्याला मी आगगाड्यांचा खेळ दिला. त्यात शत्रूच नाही. रूळ टाकायचे, फाटे सांभाळायचे, गाड्या वेळेवर पोचवायच्या. भिंत बांधायला जागाच नाही म्हटल्यावर गडी आठवडाभर कासावीस झाला, मग रमला.

सात नंबर गाडीचा ड्रायव्हर याच्या बरोबर उलटा. पहिल्या दहा मिनिटांत सगळं सैन्य घेऊन चाल करून जायचं आणि मेला की गेमला शिव्या द्यायच्या. त्याला मोठ्या राज्यांच्या भानगडीत पाडलंच नाही. एक छोटा खेळ आहे, आठ बाय आठ चौकोनांचा, शत्रू पुढच्या डावाला काय करणार ते आधीच दाखवणारा. सगळं युद्ध चहा निवायच्या आत संपतं. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंना काहीही टाकवत नाही, त्यांच्या टेबलाखाली तीन वर्षांपूर्वीचे रिकामे खोके आहेत. त्यांना पत्त्यांचा डावपेची खेळ दिला, ज्यात हातातली चांगली पानं फेकल्याशिवाय जिंकताच येत नाही. दोनदा रडल्या, पण खेळतायत. आणि माझी थोरली बहीण, आमची ताई, तिला हरणं सहन होत नाही. हरायला लागली की मागे जपून ठेवलेल्या जागेवरून परत सुरू करायची, काही घडलंच नाही अशा थाटात. तिला मी मागे जाताच येत नाही असा खेळ दिला. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तर असं माझं दुकान चालायचं, आणि मला त्याची घमेंड होती. हे आधीच सांगून टाकते.

भिंगरी या ताईची मुलगी, माझी भाची. एका जागी बसणं तिला लहानपणापासून माहीत नाही. चष्म्याच्या दुकानात तिचं चांगलं चाललं होतं. मीच तिच्या मागे लागले की इकडे ये, तुझ्यासारख्या चलाख पोरीची नकाशाला गरज आहे. ती आली, आणि दोनदा नापास झाली. नकाशाच्या खुर्चीवर कायम बसायचं तर दोन तासांची परीक्षा द्यावी लागते, खऱ्या फोनवर, खऱ्या गाड्यांवर, मागे परीक्षक बसवून. पहिल्या वेळी तिने एकाच पत्त्यावर दोन गाड्या पाठवल्या. दुसऱ्या वेळी ड्रायव्हरचं बोलणं तीनदा मध्येच तोडलं. तिसऱ्यांदा नापास झालं की संपलं, पुन्हा कधीच बसता येत नाही. ताई मला फोनवर स्पष्टच म्हणाली, "तुझ्या शब्दावर दुकान सोडलंय तिने. आता तूच बघ."

पोरीला डोकं भरपूर होतं. हरायला लागली की मात्र सहा हातांनी सहा कामं करायची आणि सहाही अर्धी. म्हणून तिला मी बंदराचा खेळ दिला. जहाजं येतात, ओहोटी लागते, धक्क्यावर जागा दोनच, लांबून वादळ दिसतं, आणि वेळ वाहत असतो. पण स्पेसबार दाबला की सगळं जिथल्या तिथे थांबतं. लाटा थांबतात, पक्षी हवेत थांबतात. मग सावकाश सगळं बघायचं, प्रत्येक जहाजाला हुकूम द्यायचा, पुन्हा स्पेसबार दाबायचा, की जग चालू. दमदार खेळाडूंना हा खेळ पुचाट वाटतो. घाईवर मात्र रामबाण. मी तिच्याकडून घोकून घेतलं होतं, "आधी अंगठा. मग डोळे. मग डोकं. तोंड सगळ्यात शेवटी."

तीन महिने रोज खेळली. फरक दिसायला लागला. ताईचा फोन आला, "काय केलंस माझ्या पोरीचं? आता विचार करून बोलते. भांडायला मजाच येत नाही."

परीक्षा दुपारी तीनला होती. परीक्षक मुख्य कार्यालयातून आला होता. खोलीत त्याला सगळे इस्त्री म्हणतात, कारण त्याच्या शर्टाला आणि चेहऱ्याला एकही सुरकुती नसते. भिंगरीच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून तो बसला, मांडीवर फाइल. मी शिकवणारी म्हणून मला मागे स्टुलावर बसायची परवानगी होती, दोन हात अंतरावर. इस्त्रीने मला नियम ऐकवला, जणू मी आज पहिल्यांदाच ऐकत होते. "तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही. बोललात तर परीक्षा तिथेच थांबते."

"अठरा वर्षं झाली मला," मी म्हणाले.

"हो, पण भाचीची ही शेवटची वेळ आहे," तो म्हणाला, आणि मी तोंड मिटलं.

पहिला पाऊण तास बरा गेला. जिन्यावरून पडलेली एक म्हातारी, बेकरीतला एक भाजलेला हात, शाळेच्या मैदानावर चक्कर आलेली एक बाई. भिंगरी नीट बोलत होती. ड्रायव्हरला बोलू देत होती. माझे तळहात घामेजले होते ते मी साडीला पुसत होते. इस्त्रीचं पेन अधूनमधून हलायचं. काय लिहितोय हे त्या अंतरावरून वाचता येत नव्हतं. मी मान लांब करून बघितलं, तेव्हा त्याने फाइल तिरकी धरली.

पावणेचारच्या सुमाराला एकदम गर्दी झाली. दोन नंबर गाडीचं टायर बसलं. बेकरीतून पुन्हा फोन, गाडी अजून आली नाही म्हणून आरडाओरडा. आणि तेवढ्यात कासवाने हात वर केला. आमच्याकडे कासव हात वर करतो तो एकाच कारणासाठी.

"श्वास नाही," तो भिंगरीकडे बघून म्हणाला. "सुतारकामाचं वर्कशॉप. लाकडाच्या वखारीमागे, नदीच्या अलीकडे. बहिणीचा फोन आहे. भाऊ कोसळलाय." आणि लगेच हेडफोनमध्ये, अगदी दुसऱ्याच आवाजात, "ताई, फोन स्पीकरवर टाका आणि त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसा. दोन्ही हात छातीच्या मधोमध. मी मोजतो तसं दाबायचं. जोरात. एक, दोन, तीन, चार..."

भिंगरीने मान वळवून नकाशाकडे पाहिलं. तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले. आता ही उडणार, मी मनात म्हटलं. आता दोन गाड्या पाठवेल, तीन पाठवेल, ओरडेल. मागच्या दोन्ही परीक्षा इथेच गेल्या होत्या. तिचा डावा हात कीबोर्डवर होता. अंगठा खाली गेला.

आणि तिचे खांदे खाली आले.

खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी शांत झाली होती. डावीकडून उजवीकडे ती एकेक गाडी बघत होती, ओठ न हलवता. सात नंबर पुलाच्या अलीकडे, वखारीपासून हाकेच्या अंतरावर. चार नंबर लांब, शाळेच्या चौकात, शाळा सुटायच्या गर्दीत अडकलेली. बाकीच्या कामात. मी मनातल्या मनात ताईला म्हटलं, बघ, ही तुझी पोरगी. घरी बसून गेम खेळते म्हणून तू मला नावं ठेवतेस ना, आता बघ.

"पाच, सहा, सात, आठ," कासव मोजत होता.

आठवर मला दिसलं. सात नंबर पुलाकडे चालली होती आणि नकाशावर तिची टाचणी चालत नव्हती. मी चारकडे पाहिलं. ती पण नाही. नऊच्या नऊ टाचण्या जागच्या जागी. नऊ गाड्या एकाच वेळी कधी थांबत नाहीत. वरच्या कोपऱ्यात एक बारीक पिवळी पट्टी आली होती, नखाएवढी: नकाशा थांबवला आहे.

आमच्या नकाशाला ही सोय आहे. ड्यूटी बदलताना कुठली गाडी कुठे हे कागदावर उतरवून घेण्यासाठी कोणे एके काळी ठेवलेली. स्पेसबार दाबला की चित्र गोठतं. हल्ली कोणी वापरत नाही, निम्म्या लोकांना माहीतसुद्धा नाही. मला माहीत होतं. आणि तीन महिने रोज त्या अंगठ्याला स्पेसबारची सवय लावताना हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. तिला तर काहीच कळलेलं नव्हतं. अंगठा आपल्या मनाने गेला होता. मी जिचं कौतुक करत होते ती शांतता थांबलेल्या वेळाची होती, आणि वेळ फक्त तिच्या स्क्रीनवर थांबला होता.

मी अर्धी उठले. इस्त्रीचं पेन थांबलं.

"अकरा, बारा, तेरा."

बोलले तर ती नापास, आणि कायमची नापास. मी परत बसले. मी स्वतःला सांगितलं, ती आत्ता पुन्हा दाबेल. त्या खेळात ती कधीच विसरत नाही. एवढं बघून झालं की अंगठा परत खाली जाईल, टाचण्या हलतील, तिला आपोआप दिसेल, आणि कोणाला काही कळणारही नाही. मी तिच्या अंगठ्याकडे बघत राहिले. माणूस मरतोय आणि मी अंगठा बघतेय, हेही मला त्याच वेळी कळत होतं. कळत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

"सतरा, अठरा, एकोणीस. जोरात दाबा ताई, घाबरू नका, बरगडीचं काही होत नाही. वीस."

मग माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या गोष्टीची वाट बघतेय. बंदराच्या खेळात हुकूम आधी देतात आणि वेळ नंतर सोडतात. तिला मीच तसं शिकवलं होतं. आधी अंगठा, मग डोळे, मग डोकं, मग तोंड. परत अंगठा येणार तो तोंडानंतर.

"सात नंबर," भिंगरी वायरलेसवर म्हणाली, स्वच्छ, सावकाश, एखाद्या जुन्या माणसासारखी. "वखारीमागचं सुतारकामाचं वर्कशॉप, श्वास नाही, तुम्ही सगळ्यात जवळ..."

"सत्तावीस, अठ्ठावीस."

"अगं, वेळ चालू आहे!" मी ओरडले.

सगळी खोली वळली. एक कासव तेवढा वळला नाही, तो एकोणतीस, तीस म्हणून पुन्हा एकपासून सुरू झाला. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. अंगठा खाली गेला. नऊ टाचण्यांनी एकदम उडी मारली.

त्याच क्षणी वायरलेस खरखरला. "सात बोलतोय. मी पुलावर आहे, मधोमध. मध्ये दुभाजक आहे, वळता येत नाही. पलीकडे जाऊन परत यायला पाच मिनिटं तरी."

आता ती कोसळेल असं मला वाटलं. तिच्या मानेवरची शीर उडताना मला मागून दिसत होती. पण तिने फक्त एक श्वास घेतला.

"सात, तुम्ही पुढे जा, रद्द. चार, कुठे आहात?"

"चार. शाळेचा चौक सुटला. बाहेरच्या रस्त्याला आहे, मोकळी."

"चार, वखारीच्या मागच्या बाजूने, सुतारकामाचं वर्कशॉप. श्वास नाही, बहीण छाती दाबतेय. फाटकाचा रंग सांगते, एक सेकंद."

तिने कासवाकडे पाहिलं. कासवाने मोजता मोजता कागदावर लिहून कागद वर धरला.

"हिरवं फाटक, चार."

"हिरवं. दोन मिनिटं."

ती दोन मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. खोलीत बाकीचे फोन वाजत होते, लोक उचलत होते, बोलत होते, पण मला कासवाचं मोजणंच ऐकू येत होतं. तीस झाले की एक. पुन्हा तीस, पुन्हा एक. मिनिटाला एकशेदहाचा त्याचा ठेका ठरलेला आहे, घड्याळ लावून घ्यावं असा. तिकडे ती बहीण दमत चालली असावी, कारण तो मध्येच म्हणाला, "हात भरून आले तरी थांबायचं नाही. तुम्हीच त्यांचं हृदय आहात आत्ता. गाडी वखारीला वळली. आवाज येतोय का? येतोय ना? थांबायचं नाही. एक, दोन."

मग फोनवर दुसरेच आवाज आले असणार, कारण कासवाने मोजणं थांबवलं आणि हेडफोन हळूच गळ्यात सरकवला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

आणखी सहा मिनिटांनी चार नंबरची माणसं बोलली. "दोन झटके दिले. नाडी लागली. हलवतोय."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्याकडे वाजवत नाहीत. बेकरीवाल्यांची गाडी पोचली का, असं भिंगरीने विचारलं. पोचली होती. मग तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची सोडली, कारण नियमाप्रमाणे तिची परीक्षा कधीच संपली होती. तिच्या जागी दुसरी मुलगी बसली.

इस्त्री मला बाहेरच्या पॅसेजमध्ये घेऊन आला. त्याने फाइलमधून एक फॉर्म काढला, पुठ्ठ्याला चिमटा लावून माझ्या हातात दिला.

"हा यंदापासून आलाय," तो म्हणाला. "परीक्षेत कोणी मध्ये बोललं तर भरायचा. दोन रकाने आहेत. धोका दिसल्याची वेळ, आणि हटकल्याची वेळ. दोन्ही एकच असतील तर परीक्षा रद्द धरतात, उमेदवाराला पुन्हा बसता येतं. ही खेप मोजत नाहीत."

"आणि एक नसतील तर?"

"मग हटकणारा थांबला होता, उमेदवाराला सुधारायची संधी देत होता, असा अर्थ होतो. ती मदत झाली. नापास."

मी भिंतीला टेकले. म्हणजे आठवर तोंड उघडलं असतं तर काहीच झालं नसतं. माणसाला गाडी वेळेत, पोरीला परीक्षा परत. मी तिला वाचवायला म्हणून गप्प बसले होते आणि त्या गप्प बसण्यानेच तिचा घात केला होता. अठरा वर्षं या खोलीत आहे म्हणून तोऱ्यात सांगितलं होतं ना मी, नवा फॉर्म वाचायचे मात्र कष्ट घेतले नव्हते.

"हटकल्याची वेळ रेकॉर्डिंगमध्ये आहे," इस्त्री म्हणाला. "तीन सत्तेचाळीस, एकोणीस सेकंद. ती लिहून टाका. पहिली वेळ कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नसते. ती फक्त तुम्हाला माहीत." त्याने आपलं पेन पुढे केलं. "मुलगी चांगली आहे. नंतर जे सावरलं ते मी पाहिलंय. सावकाश भरा, मी आत आहे." आणि तो दार ओढून आत गेला. माणूस इस्त्रीचा असला तरी कपडा मऊ सुती होता म्हणायचा.

मी दुसऱ्या रकान्यात तीन सत्तेचाळीस एकोणीस लिहिलं. पहिला रिकामा होता. तिथेही तेच लिहायचं मी ठरवलं होतं, यात लपवण्यासारखं काही नाही. एक आकडा. तो सुतार जिवंत होता. कोणाचं काही जाणार नव्हतं. पोरगी महिन्याभराने पुन्हा बसेल, मी तिला दुसरा खेळ देईन, थांबता न येणारा, आणि ही पास होईल. पेन मी कागदावर टेकवलंसुद्धा.

चहाच्या मशीनकडून भिंगरी आली. हातात दोन कप. एक माझ्यासमोर धरला. मी म्हटलं खिडकीत ठेव, माझे हात मोकळे नाहीत. तिने ठेवला.

"अंगठ्याचं मला कळलंच नाही गं," ती म्हणाली. "इतकं बरं वाटत होतं तेव्हा. सगळं कसं स्वच्छ दिसत होतं."

"माहीत आहे. चूक तुझी नाही. मी लावलेली सवय ती."

"तसं नाही." तिने चहाचा घोट घेतला आणि तोंड भाजलं म्हणून कप लांब धरला. "मावशी, मघाशी तू उठली होतीस ना?"

"कधी?"

"ती सुताराची केस आली तेव्हा. समोरच्या काचेत मला दिसलीस. अर्धी उठलीस आणि परत बसलीस."

मी पेन कागदावरून उचललं.

"मला तेव्हा सातचं जरा विचित्र वाटलं होतं," ती म्हणाली. "एवढा वेळ पुलाच्या तोंडाशी कशी काय उभी, असं आलं मनात. मी आधी वायरलेसवर विचारणारच होते, कुठे आहात म्हणून. तेवढ्यात तू उठलीस, तेव्हा तर खात्रीच पटली काहीतरी चुकतंय. पण मग तू बसलीस. म्हटलं, मावशी बसली म्हणजे बरोबर चाललंय. म्हणून विचारलं नाही. सरळ पाठवली."

ती तक्रार करत नव्हती. आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं, मी उलट बोलले असते, आम्हा बहिणींच्या घरात ते सगळ्यांना जमतं. ती मला नुसतं सांगत होती, दिवसभरात काय काय झालं ते घरच्या माणसाला सांगावं तसं. तोंडावर विश्वास होता, तीन महिन्यांपूर्वी होता तसाच.

मी पहिल्या रकान्यात लिहिलं: तीन सत्तेचाळीस, आठ सेकंद. खाली सही केली.

तिने मान वाकडी करून वाचलं. दोन्ही आकडे वाचले, पुन्हा वाचले. रकान्यांचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता, पण वर छापलेला होता, आणि पोरगी चलाख आहे.

"अकरा सेकंद?" ती म्हणाली. "म्हणजे तुला दिसलं होतं?"

"हो."

"उठलीस तेव्हाच दिसलं होतं?"

"हो."

तिने कप खिडकीत माझ्या कपाशेजारी ठेवला. "मग बसलीस कशाला?"

"तू पास व्हावीस म्हणून," मी म्हणाले.